स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची रात्र आणि चौथा पाद

केवळ विस्मरणाची तक्रार घेऊन घरातील वृद्धाला चिकित्सालयात आणणारी कुटुंबे आमच्या अनुभवात थोडी. दुपारचे जेवण झाल्याचे आजोबा विसरतात, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात, हे घरात हळूहळू अंगवळणी पडते. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून त्यावर हसणेही होते. कुटुंब वैद्याकडे धाव घेते ते रात्रीमुळे. दोन वाजता उठून कपाट उपसणे, परक्याच्या घरी आणून ठेवले म्हणून रडणे, गॅस पेटवून चहाचे आधण ठेवणे आणि विसरणे, कडी काढून अंधारात चालू लागणे, अशा प्रकारांनी दोन-तीन महिने घराची झोप उडाली की मग कोणी म्हातारचळ म्हणते, कोणी बाहेरची बाधा म्हणते, आणि देवर्षी करून झाल्यावर शेवटी आपला दरवाजा वाजतो. त्या वेळी समोरच्या खुर्चीत रुग्ण बसलेला असतो खरा. परंतु अधिक थकलेला चेहरा त्याच्या शेजारी बसलेल्या सुनेचा किंवा पत्नीचा असतो.

भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख रुग्ण, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने मांडला. यांतील बहुसंख्य रुग्ण घरीच असतात आणि घरीच राहणार आहेत. मुंबई, पुणे, बंगळूर येथे अशा रुग्णांसाठी निवासी केंद्रे निघाली आहेत. त्यांचे मासिक शुल्क विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या सोलापूरकराच्या विचारातही येऊ शकत नाही. यास्तव रात्रीच्या परिचर्येचा प्रश्न येथे घरातच सोडवावा लागतो. तो सोडविण्यासाठी अलीकडे बाजारात आलेल्या लहानमोठ्या यंत्रांविषयी आपल्या त्रैमासिकात काही मांडावे, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

यंत्रे हा वैद्याचा विषय नव्हे, असे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील. आमचे मत भिन्न आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले. भिषक् आणि द्रव्य यांच्याबरोबर परिचारक व रुग्ण यांनाही तेवढेच स्थान दिले. परिचारकाचे चार गुणही मोजून सांगितले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. भिषक् आणि द्रव्य यांवर आपली संमेलने भरतात, रुग्णावर शोधनिबंध निघतात. उरलेला पाद मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरता राहिला आहे. आता या चार गुणांकडे पाहावे. घरच्या सुनेला उपचारांचे ज्ञान आपण देऊ शकतो. अनुराग व शुचिता तिची तिच्याजवळ आहेत. दक्षता मात्र झोपेशिवाय टिकत नाही. दिवसभर विड्या वळून रात्री तीनदा उठणाऱ्या स्त्रीकडून चौथ्या महिन्यात दक्षतेची अपेक्षा करणे हे अज्ञान आहे, किंवा निर्दयता. तेथे दोनशे-तीनशे रुपयांचे एखादे साधन तिची दक्षता राखण्यास साह्य करीत असेल, तर ते चिकित्सेचे अंग आहे, आणि ते लिहून देणे हे वैद्याचे काम आहे.

यंत्राकडे वळण्यापूर्वी मात्र रुग्णाची नीट तपासणी करणे अगत्याचे आहे. वार्धक्य हा वाताचा काळ, दिवसाचा अंत हा वाताचा काळ, रात्रीचा अंतिम प्रहरही वाताचाच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात हे तिन्ही एकत्र येतात आणि सायंकाळी अस्वस्थता वाढते, उत्तररात्री पाय चालू लागतात, हे आपल्या शास्त्राच्या दृष्टीने आश्चर्याचे नाही. परंतु एवढ्यावर समाधान मानून ब्राह्मीघृत लिहून मोकळे होणे योग्य नव्हे. रात्री उठणाऱ्या वृद्धाला मूत्रप्रवृत्तीचा वेग आला असेल आणि तो सांगता येत नसेल, पौरुषग्रंथी वाढली असेल, मलावष्टंभ असेल, गुडघा ठणकत असेल, मोतीबिंदूमुळे भिंतीवरची सावली माणसासारखी दिसत असेल. अचानक चार दिवसांत भ्रम वाढला, तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, ज्वर किंवा रक्तातील सोडियम घटणे यांचा शोध प्रथम घ्यावा आणि विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे आणि दिवसा नसलेली माणसे दिसणे असा इतिहास असेल, तर ल्युई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी. अशा रुग्णास मनोविकारावरील काही आधुनिक औषधे अत्यंत घातक ठरतात, हे ध्यानात ठेवावे.

औषधाने रात्र शांत करण्याचा मोह दोन्ही शास्त्रांत सारखाच आहे. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मनोविकारावरील औषधांनी मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये दिला. झोपेच्या गोळ्यांनी वृद्ध झोपतो आणि तीन वाजता लघवीला उठताना झोकांडी जाऊन खुब्याचे हाड मोडून घेतो. अल्प्राझोलामसारखी औषधे २०१४ पासून एच-वन परिशिष्टात आहेत. तरीही 'आजीला झोप येत नाही' एवढ्या तोंडी सांगण्यावर पानेच्या पाने दिली जातात, हे आपल्या वाचकांतील औषधविक्रेत्यांना आम्ही सांगावयास नको. आपल्याकडील सर्पगंधेचे कल्प याच कारणाने आम्ही अशा रुग्णांत टाळतो. रक्तदाब उतरून उठताना तोल जातो, मन खिन्न होते. विजयायुक्त कल्पांनी भ्रम वाढलेला आम्ही पाहिला आहे. सायंकाळचे पादाभ्यंग, रात्रीचे लघु व वेळेवर भोजन, दुपारनंतर चहा बंद, सकाळचे ऊन आणि थोडे चालणे, यांचा उपयोग होतो. शंखपुष्पी, अश्वगंधा, जटामांसी यांचा विचार प्रकृती पाहून अवश्य करावा. गेलेली स्मृती परत आणून देतो, असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये.

आता साधनांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अग्रक्रमाच्या ५० साहाय्यक साधनांची यादी प्रसिद्ध केली. तीत पडणे ओळखणारी यंत्रे आणि जीपीएसवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रे समाविष्ट आहेत. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची जंत्री येथे देण्यात अर्थ नाही. आमच्या उपयोगी पडलेली साधने अगदी साधी आहेत : माणूस हलला की आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा, दार उघडताच वाजणारा चुंबकीय अलार्म, आणि पलंगालगत पसरायची, पाय पडताच दुसऱ्या खोलीत घंटी वाजविणारी चटई. पहिली दोन विजेच्या सामानाच्या दुकानात किंवा घरपोच मागवून काही शेकड्यांत येतात. चटई महाग पडते. या तिन्हींत सेन्सरचा दिवा आम्ही सर्वांत वरचा मानतो. तो पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीला, मंद पिवळ्या उजेडाचा लावावा. पांढरा झगझगीत दिवा छताला लावला तर रुग्णास सकाळ झाली असे वाटते आणि तो अंघोळीचे पाणी मागतो.

परदेशी पुस्तिकांत या साधनांसाठी जे घर गृहीत धरलेले असते, ते सोलापुरात क्वचितच आढळते. रुग्णाची स्वतंत्र खोली, स्वतंत्र पलंग आणि शेजारच्या खोलीत झोपलेला एक परिचारक, असे ते घर. आपल्या पूर्व भागात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे अंथरूण टाकून झोपतात. तेथे हालचाल टिपणारे यंत्र लावले तर ते नातवाच्या कूस बदलण्यानेही वाजते. तिसऱ्या रात्री कोणीतरी त्याचा सेल काढून टाकतो. अशा घरात केवळ दाराचा अलार्म उपयोगी. ज्या घराला लागून यंत्रमागाचे शेड आहे आणि माग रात्रीही चालू आहेत, तेथे अलार्मची शिट्टी खटखटाटात विरून जाते. तेथे उशीखाली ठेवून थरथरणारे यंत्र किंवा मोबाईलची थरथर बरी. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की घरे गच्चीवर झोपावयास जातात, आणि खोलीतील सारी साधने खोलीतच राहतात. आमच्या मते एप्रिल-मेमध्ये गच्चीइतकी धोक्याची जागा या रुग्णासाठी दुसरी नाही. गच्चीच्या जिन्याला दार नसेल तर बसवून घ्यावे, आणि दाराचा अलार्म उन्हाळ्यापुरता तेथे हलवावा. रुग्ण व एक सोबती खाली कूलरजवळ झोपणे सर्वांत इष्ट. वीज गेल्यावर बंद पडणारे साधन घेऊच नये. सेलवर चालणारे घ्यावे आणि दर पौर्णिमेला सेल तपासावा. तारखेपेक्षा पौर्णिमा घरात अधिक लक्षात राहते.

आमच्या एका रुग्णाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. गृहस्थ ऐंशीच्या घरातले, एके काळचे गिरणी कामगार. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, साऱ्या केव्हाच बंद पडल्या. पण त्यांच्या मनात रातपाळी चालू होती. मध्यरात्री उठावयाचे, टोपी चढवावयाची, डबा मागावयाचा आणि दाराकडे निघावयाचे. मुलाने दाराला अलार्म बसविला, तोही चांगला दणदणीत. परिणाम उलटा झाला. आवाज ऐकताच आजोबांनी तो गिरणीचा भोंगा मानला आणि उशीर झाला म्हणून धावतच सुटले. आम्ही त्यांना आवाज दाराजवळ न ठेवता सुनेच्या उशाशी येईल असे बिनतारी यंत्र घ्यावयास सांगितले. घंटी वाजली की ती उठते आणि म्हणते, 'मामंजी, आज गिरणीला सुट्टी हाय.' आजोबा टोपी काढून पुन्हा निजतात. रात्रीतून एकदा, फार तर दोनदा. पूर्वी ती दाराशी आडवी पथारी टाकून अर्धवट जागीच राहत असे. या प्रसंगात यंत्राने काय केले आणि त्या वाक्याने काय केले, याचा विचार सहकाऱ्यांनी अवश्य करावा. 'गिरणी बंद पडून तीस वर्षे झाली' असे कोणी सांगितले असते तर रात्रभर भांडण झाले असते.

भाषेचा मुद्दाही आपल्या शहरात विशेष महत्त्वाचा आहे. या व्याधीत उशिरा शिकलेली भाषा आधी विरते आणि बालपणीची शेवटपर्यंत टिकते, असे वारंवार दिसते. आयुष्यभर मराठीत व्यवहार केलेली पद्मशाली आजी रात्री केवळ तेलुगूत बोलू लागते. कोणी कन्नडवर जाते. बोलणारी घड्याळे आणि सूचना देणारी यंत्रे इंग्रजीत किंवा हिंदीत बोलतात. अंधारात परक्या भाषेत परका आवाज आला की रुग्ण घाबरतो. ज्या यंत्रात आपला आवाज भरता येतो तेच घ्यावे, आणि तो आवाज मुलीचा असावा, रुग्णाच्या मातृभाषेत.

कुंभारी येथील रे नगर वसाहतीतील पहिली १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये विडी व यंत्रमाग कामगारांदी कुटुंबांना मिळाली. हक्काचे घर मिळाले ही मोठीच गोष्ट. परंतु वैद्याच्या दृष्टीने पाहता, एकसारख्या इमारती, एकसारखे जिने आणि एकसारखी दारे ही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी कठीण परीक्षा आहे. जुन्या गल्लीत रात्री बाहेर पडलेल्या आजीला कोपऱ्यावरचा पानवाला ओळखून परत आणत असे. नव्या ठिकाणी ती ओळख जमण्यास वर्षे लागतील. दाराला ठळक रंग, चौकटीवर ओळखीचे तोरण किंवा देवाची तसबीर, असे उपाय येथे यंत्रापेक्षा स्वस्त आणि अधिक गुणकारी ठरावेत.

बाहेर पडलेला रुग्ण शोधण्यासाठी जीपीएसची घड्याळे मिळतात. ती रोज चार्ज करावी लागतात, आणि अनोळखी वस्तू मनगटावर दिसली की रुग्ण ती काढून फेकतो. बंडीच्या आतल्या खिशात शिवलेले लहान यंत्र अधिक टिकते. मुंबईत २०२३ मध्ये एका तरुण अभियंत्याने गळ्यात घालावयाचे, क्यूआर संकेत असलेले पदक तयार केले आणि त्यामुळे हरवलेला एक मुलगा घरी पोचला. कल्पना चांगली आहे. आम्ही त्याबरोबर सदऱ्याच्या कॉलरच्या आत, धोबी खूण करतो त्या जागी, न पुसणाऱ्या शाईने घरचा दूरध्वनी क्रमांक लिहावयास सांगतो. पहाटे तीन वाजता एसटी स्थानकावर भेटलेल्या रिक्षावाल्याला तो सहज वाचता येतो. माणूस दिसेनासा झाला तर सकाळची वाट न पाहता ११२ क्रमांकावर कळवावे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत ही दक्षता दुप्पट हवी.

एवढे सांगितल्यावर यंत्राच्या दुसऱ्या बाजूविषयीही बोलले पाहिजे. जपानमध्ये डिसेंबर २००७ मध्ये आइची प्रांतातील स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे गृहस्थ तिन्हीसांजेस घरातून बाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडून मृत्यू पावले. ८५ वर्षांच्या पत्नीचा क्षणभर डोळा लागला होता. घराच्या एका प्रवेशदाराशी माणूस गेल्यास वाजणारी घंटी बसविलेली होती. ती बंद होती. गाड्यांना झालेल्या विलंबाच्या भरपाईपोटी रेल्वे कंपनीने कुटुंबाकडून सुमारे ७२ लाख येन मागितले. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने पत्नी व थोरला मुलगा यांना जबाबदार धरले. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने निम्मी रक्कम केवळ पत्नीवर ठेवली. १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. आठ वर्षांहून अधिक काळ त्या वृद्धेच्या डुलकीचा हिशेब चालला होता. 'अलार्म होता, मग कसे झाले?' हा प्रश्न आपल्याकडे न्यायालयात जाणार नाही. तो नणंदेच्या तोंडून येईल. यंत्र लिहून देताना वैद्याने कुटुंबातील सर्वांना एकत्र बसवून स्पष्ट सांगावे, की याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, आणि घंटी चुकली तर दोष उठणाऱ्या बाईचा नव्हे.

संशोधनाचे म्हणणेही संमिश्र आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५३ परिचारकांच्या लहान अभ्यासात रात्रीची दक्षता-यंत्रणा असलेल्या घरांत इजा व नकळत बाहेर पडण्याचे प्रसंग बरेच कमी आढळले. उलट इंग्लंडमध्ये ४९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, साध्या मोजक्या साधनांच्या तुलनेत यंत्रांचा भरगच्च संच दिल्याने रुग्ण घरी अधिक काळ राहू शकले नाहीत. यावरून आम्ही एवढाच बोध घेतो, की घरागणिक एक-दोन साधने निवडून द्यावीत. दुकान भरू नये.

कॅमेऱ्याविषयी आमचे मत प्रतिकूल आहे, हे लपवीत नाही. मुले पुण्यात, आई-वडील सोलापुरात, आणि मध्ये अडीचशे किलोमीटर, अशी घरे आता शहरात पुष्कळ. मुलगा कॅमेरा लावून जातो आणि रात्री मोबाईलवर आईला पाहतो. आई पडलेली दिसली तर तो काय करणार? कॅमेरा पाहतो, उचलत नाही. शेजाऱ्याकडे किल्ली नसेल तर पाहणाऱ्याचीही झोप जाते, एवढाच लाभ. शिवाय कपडे बदलणारी, मोरीकडे जाणारी, भ्रमात विवस्त्र झालेली स्त्री कोणाच्या मोबाईलवर दिसावी, याचा विचार कोणी करीत नाही. कॅमेरा लावावयाचाच असेल तर तो दाराकडे वळवावा, पलंगाकडे नव्हे. आणि त्याआधी किल्ली कोणाकडे राहील ते ठरवावे. बाहेरून कुलूप घालून निघून जाणे व रुग्णाला पलंगाला बांधणे, ही दोन्ही आम्ही स्पष्टपणे निषिद्ध मानतो. कुलूपबंद घरात गॅस किंवा शॉर्टसर्किट झाले तर बाहेर पडण्यास वाट नसते, आणि बांधलेला माणूस सुटण्याच्या धडपडीत अधिक जखमी होतो.

परिचारकाच्या निद्रेविषयी एक शास्त्रोक्त सूचना आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. रात्री जितके जागरण घडले त्याच्या निम्मा काळ सकाळी, भोजनापूर्वी निजावे, असे वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. सुनेने सकाळी नऊ वाजता झोपणे सोलापूरच्या घरात सहजासहजी मान्य होत नाही. वैद्याच्या अक्षरात, औषधांच्या यादीत, अनुपानासह लिहिले की होते.

आता आपल्या संघटनेकडे काही मागणे. राज्य शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये देण्याची तरतूद केली. योजनेत नमूद साधने चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, गुडघ्याचा व कमरेचा पट्टा अशी आहेत. शरीराच्या अवयवांचा विचार झाला, रात्रीचा झाला नाही. दाराचा अलार्म, सेन्सरचा दिवा आणि ठावठिकाणा सांगणारे यंत्र यांचा त्यात समावेश व्हावा, असे निवेदन संघटनेने समाजकल्याण विभागास द्यावे. औषधी दुकानांचे मालक असलेल्या सदस्यांनी च्यवनप्राशाच्या रांगेत या दोन-तीन वस्तू ठेवाव्यात. खप थोडा होईल, परंतु चौकशी करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक जागी बाई असते.

आणि चटईसारख्या महाग साधनांचा एक लहान संच संघटनेच्या कार्यालयात असावा, जो महिनाभरासाठी अनामत घेऊन कुटुंबास वापरावयास द्यावा. कोणत्या घरात काय चालते ते वापरूनच कळते, आणि रुग्णाची अवस्था वर्षभरात पालटली की कालचे साधन आज निरुपयोगी होते. विकत घेऊन माळ्यावर टाकण्यापेक्षा हे बरे. दोन चटया व चार बिनतारी घंट्या आम्ही आमच्याकडून देत आहोत. नोंदवही ठेवण्यास आणि सेल बदलण्यास एक तरुण सहकारी हवा आहे. इच्छुकांनी पुढील मासिक सभेपूर्वी कार्यवाहांस कळवावे.